पडद्यापलीकडच्या डॉक्टरला गुडघा कसा दिसणार?

पत्र

नमस्कार. आम्ही टेक्सासमध्ये राहतो. माझे मिस्टर ग्रीन कार्डवर असताना अमेरिकन आर्मीत भरती झाले. ट्रक चालवायचे. दोनदा अफगाणिस्तानला, बगरामला जाऊन आले आणि २०१६ मध्ये बाहेर पडले. उजवा गुडघा तेव्हापासून धड नाही, कानात सतत शिट्टी वाजते आणि रात्री झोपेत ओरडून उठतात. भरपाईचा क्लेम करा म्हणून इतकी वर्षं मी मागे लागले होते, तो त्यांनी आत्ता कुठे केला. आता कुठल्याशा खासगी कंपनीचा फोन आलाय, की मानसिक तपासणी व्हिडिओवर होईल, गुडघ्याचं 'बहुतेक फोनवरच भागेल' आणि कानाचं नंतर कळवू.

माझे सासरे, आम्ही त्यांना आबा म्हणतो, मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले, साताऱ्याला असतात. ते म्हणतात, डॉक्टरनं हात लावला नाही ती कसली तपासणी, सरळ नाही म्हणून सांग. यांच्या एका मित्राची व्हिडिओ तपासणी पंधरा मिनिटांत उरकली आणि क्लेम फेटाळला गेला. एक एजंट म्हणतो, काय बोलायचं ते आम्ही पढवतो, पैसे मंजुरीनंतर द्या. आणि हे स्वतः तर तोंडच उघडत नाहीत. कुणीही विचारलं की 'आय ॲम गुड'. मी शेजारी बसून बोलले तर चालेल का? डिसेंबरात पुतण्याच्या लग्नाला सहा आठवडे साताऱ्याला जातोय. (तिथल्या धुळीचं मला टेन्शन आहे, यांना रोज इन्हेलर लागतो.) नेमकी तेव्हाच तारीख आली तर तिथून व्हिडिओ करता येईल का?

— एक वाचक, टेक्सास

उत्तर

ताई,

आबांना आधी एवढं सांगा की फोन खरा असण्याचीच शक्यता जास्त आहे. व्हीए, म्हणजे अमेरिकेचं माजी सैनिकांचं खातं, क्लेमच्या तपासण्या आता बहुतांशी आपल्या दवाखान्यांत करत नाही. त्यांचं कंत्राट खासगी कंपन्यांकडे आहे. क्यूटीसी, व्हीईएस, ऑप्टमसर्व्ह, लॉयल सोर्स ही गेल्या काही वर्षांतली नावं. म्हणून फोन अनोळखी नंबरवरून येतो, बोलणारा व्हीएचा नसतो, आणि बरेच जण स्पॅम समजून तो कापून टाकतात. खात्री करायची असेल तर त्याच नंबरवर उलट फोन करू नका. व्हीएच्या १-८००-८२७-१००० वर विचारा, आमच्या नावाची तपासणी कुठल्या कंपनीकडे दिली आहे म्हणून. तपासणीला एक पैसाही लागत नाही. कुणी फी किंवा कार्डाचा नंबर मागितला, तर मात्र आबांचंच खरं.

पण 'सरळ नाही म्हणून सांग' हे ऐकू नका. सबळ कारणाशिवाय तपासणी चुकवली, तर पहिल्या क्लेमचा निकाल फाइलमध्ये जे कागद असतील तेवढ्यावरच लागतो. आधी मिळालेला टक्का (दुखापतीने किती अडतं त्याचं व्हीएचं माप, महिन्याचे पैसे त्यावरच ठरतात) वाढवून मागणारा क्लेम असेल तर तो फेटाळलाच जातो. आणि तुमच्या मिस्टरांच्या फाइलमध्ये काय असेल, याचा मला अंदाज आहे. सैन्यातून बाहेर पडताना भरलेला फॉर्म, त्यात तक्रारींच्या रकान्यात सगळीकडे 'नाही', कारण घरी जायची घाई. त्यानंतरची बरीच वर्षं कोरी. अशा फाइलवर निकाल लागू द्यायचा नाही. तेव्हा सांगायचं ते 'नाही' असं नाही. 'अशी नको, तशी हवी' असं सांगायचं, आणि तेही तपासणीच्या आधी.

कुठली अशी आणि कुठली तशी, ते आता बघू. कारण आबा म्हणतात त्यात निम्मं तथ्य आहे, आणि ते नेमकं गुडघ्यापुरतं आहे.

मानसिक तपासणी व्हिडिओवर बिनधास्त घ्या. २०२० च्या एप्रिलमध्ये कोविडमुळे व्हीएने समोरासमोरच्या तपासण्या थांबवल्या, तेव्हा व्हिडिओचा वापर एकदम वाढला. मानसिक तपासण्यांसाठी तो पुढेही टिकला, कारण तिथे हात लावण्यासारखं काही नसतंच, तपासणी म्हणजे बोलणं. माझं मत विचाराल तर पीटीएसडीच्या, म्हणजे भयानक अनुभवानंतर जडणाऱ्या मानसिक आजाराच्या, माणसासाठी घरची खोली जास्त बरी. अनोळखी इमारत, तासाभराचं ड्रायव्हिंग, वेटिंग रूममध्ये दाराकडे पाठ करून बसायची वेळ, या सगळ्याने माणूस आत जाण्याआधीच मिटून जातो. घरी निदान खुर्ची कुठे ठेवायची ते त्याच्या हातात असतं.

एक गोष्ट मिस्टरांना आधीच सांगून ठेवा, त्याने बरंच दडपण उतरेल. ते लष्करी ताफ्याबरोबर ट्रक चालवत होते आणि हल्ल्याची भीती कायम डोक्यावर होती. अशा सैनिकाला एकेक घटना तारीख-साक्षीदारांसह सिद्ध करावी लागत नाही. २०१० पासूनचा नियम आहे: ती भीती त्याच्या नेमणुकीच्या जागेशी आणि कामाशी सुसंगत असेल आणि व्हीएच्या किंवा तिच्या कंत्राटी मानसतज्ज्ञाने तसं मान्य केलं, तर त्याचं स्वतःचं सांगणं पुरतं. म्हणजे त्या रस्त्यावर काय झालं याचा पंचनामा त्यांना द्यायचा नाही. परीक्षकाला जास्त रस आहे तो आज घरात आणि कामावर काय अडतं यात. मानसिक आजाराचे टक्के, ०, १०, ३०, ५०, ७० आणि १००, हे नोकरीत आणि माणसांत वावरताना किती अडचण येते त्यावर ठरतात. किती भयानक पाहिलं यावर नव्हे.

गुडघ्याचं 'बहुतेक फोनवरच भागेल', हे मात्र मला अजिबात पटलेलं नाही. नुसत्या कागदांवरून, फार तर एक फोन करून, फॉर्म भरण्याची सोय व्हीएमध्ये आहे. तिला 'एस' म्हणतात. पण ती सोय आहे ती फाइलमध्ये पुरेसा वैद्यकीय पुरावा आधीच असेल तेव्हासाठी. गुडघ्याचे टक्के सांध्याच्या हालचालीवर ठरतात, आणि हालचाल कोनमापकाने मोजायची असा नियमच आहे. शाळेच्या कंपासपेटीतल्या कोनमापकाला दोन लांब पट्ट्या जोडल्या तर जसं दिसेल, तसं ते साधन. गोनिओमीटर म्हणतात त्याला. धडधाकट गुडघा १४० अंशांपर्यंत वाकतो. तो ४५ अंशांवरच अडला तर १० टक्के, ३० वर २०, आणि १५ वर ३०. आता फोनवर बसून हे अंश कोण मोजणार? शिवाय माजी सैनिकांच्या अपील न्यायालयाने २०१६ मध्ये स्पष्ट केलंय की शक्य असेल तिथे सांधा स्वतः हलवून आणि दुसऱ्याने हलवून, वजन देऊन आणि न देता, असा चारही तऱ्हांनी बघायचा, आणि जोडीचा सांधा चांगला असेल तर त्याच्याशी ताडून पाहायचा. यातलं काहीही फोनवर होत नाही. अलीकडे कुण्या डॉक्टरने हे सगळं मोजून लिहून ठेवलं असतं तर गोष्ट वेगळी होती. तुमच्या पत्रात तर अशा डॉक्टरचा उल्लेखच नाही.

तेव्हा कंपनीचा माणूस तारीख द्यायला फोन करेल, तेव्हा मिस्टरांनी शांतपणे सांगायचं: 'माझ्या गुडघ्याचं अलीकडचं मोजमाप फाइलमध्ये नाही, मला प्रत्यक्ष तपासणी हवी.' वाद घालू नका, तो बिचारा फक्त तारखा लावतो. फोन कधी आला, कोण बोललं, काय ठरलं, एवढं वहीत टिपून ठेवा. मग तेच म्हणणं २१-४१३८ या फॉर्मवर चार ओळींत लिहून व्हीएच्या साइटवर क्लेमला जोडा. तोंडी विनंती हवेत विरते, फाइलला लागलेला कागद निकाल देणाऱ्याला वाचावाच लागतो. एवढं करूनही फोनच आला, तर फोन उचला आणि जे विचारतील ते सांगा. फोन कापून बाणेदारपणा दाखवला तर गैरहजेरी लागेल.

कानाचं तर सोपं आहे. बहिरेपण ठरवायचं असेल तर परवानाधारक ऑडिऑलॉजिस्टकडून दोन चाचण्या व्हाव्या लागतात. एक वेगवेगळ्या सुरांची, आणि दुसरी शब्द ओळखण्याची, मेरिलँड सीएनसी नावाची. दोन्ही श्रवणयंत्र न लावता. लॅपटॉपच्या स्पीकरवर हे होत नाही, म्हणून त्यांनी 'नंतर कळवू' म्हटलं असणार. कानातल्या शिट्टीचं, म्हणजे टिनिटसचं, वेगळं आहे. ती कुठल्याच यंत्रात दिसत नाही, माणसाच्या सांगण्यावरच ठरते. एका कानात असो की दोन्ही, १० टक्के, त्याच्या वर नाही. कधीपासून आणि कशामुळे, एवढंच नीट सांगायचं. 'कधीपासून ते आठवत नाही' हे खरं असेल तर जरूर म्हणा, पण 'बगरामहून आलो तेव्हा होती' हे आठवत असेल तर तेही सांगा. बरेच जण पहिलं म्हणतात आणि दुसरं विसरतात.

आता तुम्ही कंसात टाकलेली गोष्ट. रोज इन्हेलर लागतो, असं लिहिलंय तुम्ही, आणि क्लेमच्या यादीत दमा कुठेच नाही! बगरामला कचरा उघड्या खड्ड्यांत जाळत. त्या धुराच्या आजारांसाठी ऑगस्ट २०२२ मध्ये पॅक्ट कायदा झाला. ११ सप्टेंबर २००१ नंतर अफगाणिस्तानात नोकरी केलेल्या सैनिकाला सैन्यातून बाहेर पडल्यावर दमा असल्याचं निदान झालं, तर तो नोकरीमुळेच झाला असं कायदा धरून चालतो, संबंध सिद्ध करावा लागत नाही. डॉक्टरने दम्याचंच निदान केलंय का, इन्हेलर नेमका कशासाठी दिलाय, हे आधी बघा. दमाच असेल आणि रोज इन्हेलर लागत असेल, तर नियमाप्रमाणे तो साधारण ३० टक्क्यांत बसतो. गंमत म्हणजे, कागदांवरून होणारी जी तपासणी गुडघ्याला नको म्हटली, ती इथे चालून जाईल. डॉक्टरचं निदान आणि फार्मसीच्या नोंदी, पुरावा तोच. हा क्लेम वेगळा टाका, आणि कागद जमवायला वेळ लागणार असेल तर 'इंटेंट टू फाइल', म्हणजे क्लेम करणार असल्याची सूचना, आजच नोंदवा. त्याने पैसे जिथून मोजतात ती तारीख धरली जाते आणि क्लेम पुरा करायला वर्षभर मिळतं.

कॉलच्या आधीची तयारी फार नाही. फोनऐवजी लॅपटॉप, तो मांडीवर नको, टेबलावर. उजेड समोरून यावा. पाठीमागे खिडकी असेल तर परीक्षकाला नुसती काळी आकृती दिसते, आणि चेहराच दिसला नाही तर व्हिडिओचा फायदा काय? कानात शिट्टी आहे, तेव्हा चांगला हेडफोन. लिंक आदल्या दिवशी उघडून बघा. ऐन वेळी जोडणी तुटली तर वाट बघत बसू नका, पाच-दहा मिनिटांत कंपनीला फोन लावा आणि स्क्रीनचा फोटो काढून ठेवा, म्हणजे 'आलेच नाहीत' असा शेरा पडला तर हातात काहीतरी असेल. चोरून रेकॉर्डिंग करायचं डोक्यात असेल तर काढून टाका. काही राज्यांत तो गुन्हा आहे, आणि कळलं तर तपासणी तिथेच थांबेल.

खरी अडचण यंत्राची नाहीच, 'आय ॲम गुड'ची आहे.

यावर आबांशी बोला, कारण हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळेल. आपल्या सैन्यात 'शेप वन', म्हणजे पूर्ण तंदुरुस्तीच्या वैद्यकीय कॅटेगरीत, राहण्यासाठी जवान काय काय लपवतो ते त्यांनी पाहिलं असणार. कॅटेगरी उतरली की बढती अडते, म्हणून ताप असला तरी परेडला उभं राहायचं आणि गुडघा दुखला तरी डॉक्टरसमोर ताठ चालायचं. अमेरिकन आर्मीत सवय तीच, भाषा तेवढी वेगळी. नोकरीत असताना ती उपयोगाची होती. पण या तपासणीत परीक्षक काही मिस्टरांवर उपचार करणार नाही, औषध देणार नाही, टक्केही तो ठरवत नाही. तो एक ठरावीक फॉर्म भरतो, डीबीक्यू म्हणतात त्याला. टक्के ठरवणारा रेटर दुसरीकडे बसलेला असतो आणि तो मिस्टरांना कधीच भेटणार नाही. त्याच्यासमोर फक्त तो फॉर्म आणि फाइल. कॉल सुरू होताना 'हाऊ आर यू टुडे' असं सहज विचारतात, आणि यांचं 'आय ॲम गुड' कधी कधी जसंच्या तसं फॉर्मवर उतरतं. सभ्यपणा सोडायला नको. 'थँक्यू, आज ठीक आहे, पण या आठवड्यात तीन रात्री झोप नाही' असं म्हणता येतं.

प्रत्यक्ष तपासणीला गुडघा दाखवतानाही हेच. डॉक्टर म्हणेल, वाकवा. दात-ओठ खाऊन शेवटपर्यंत वाकवू नका. दुखायला लागलं की तिथे थांबून सांगायचं, 'इथून दुखतं'. तो कोन फॉर्मवर स्वतंत्रपणे लिहायचा असतो. हालचाल जवळपास पुरी असली आणि फक्त दुखत असलं, तरी दुखऱ्या सांध्याला सहसा किमान टक्का मिळतो. आणि त्या दिवशी नेमका गुडघा शहाण्यासारखा वागला तर? तर वाईट दिवस कसा असतो ते सांगायचं. २०१७ मध्ये त्याच न्यायालयाने म्हटलंय की दुखणं उसळतं तेव्हा काय होतं हे परीक्षकाने सैनिकाला विचारायचं आणि त्या सांगण्यावरून अंदाज बांधायचा. 'उसळी माझ्यासमोर आली नाही, म्हणून सांगता येत नाही' एवढं म्हणून त्याला सुटता येत नाही. पण सैनिकाने काही सांगितलंच नाही, तर तो तरी अंदाज कशावरून बांधणार? महिन्यातून किती वेळा, किती तास, कशाने सुरू होतं, तेव्हा जिना चढता येतो का, ब्रेकवर पाय दाबता येतो का. ही उत्तरं आदल्या रात्री एका कागदावर लिहून काढा. पाठ करायला नको, आठवायला.

वाढवून मात्र काही सांगायचं नाही. परीक्षकाने दिवसभरात असे बरेच गुडघे पाहिलेले असतात, लंगडणं खरं की उसनं ते त्याला कळतं. एकदा अतिशयोक्तीचा शेरा पडला की खऱ्या तक्रारीही संशयाच्या झोतात येतात. वाईट दिवस वाईटच सांगा, बरा दिवस बराच सांगा.

मानसिक तपासणीत जीव नकोसा होतो का, हा प्रश्न येणारच. खरं उत्तर द्यायला सांगा. तुम्हाला स्वतःला त्या बाबतीत कधी धास्ती वाटली, तर क्लेम-बिम बाजूला ठेवा आणि ९८८ लावून १ दाबा. ती ओळ माजी सैनिकांसाठी चोवीस तास असते, घरच्यांनाही बोलता येतं. जानेवारी २०२३ पासून अशा संकटात बहुतेक माजी सैनिकांना कुठल्याही जवळच्या इस्पितळात नेता येतं, खर्च व्हीए करते.

तुम्ही शेजारी बसायचं का? मी म्हणेन, मानसिक तपासणीला नको. परीक्षकाला सुरुवातीला विचारून, त्याने हो म्हटलं तर शेवटी पाच मिनिटं बोला. पण लॅपटॉपच्या मागे उभं राहून खुणा करणं सोडाच. नवऱ्याची नजर दर प्रश्नाला कॅमेरा सोडून वर जाते हे पलीकडे स्वच्छ दिसतं, आणि पढवलेला माणूस अशी नोंद होते. तुमचं बोलणं कागदावर जास्त वजनदार होईल. २१-१०२१० हा घरच्यांच्या आणि ओळखीच्यांच्या निवेदनाचा फॉर्म आहे. तो इंग्रजीत भरा आणि तपासणीच्या आधी अपलोड करा, म्हणजे परीक्षकाच्या हाती जाणाऱ्या फाइलमध्ये तो असेल.

बहुतेक बायका त्यात लिहितात, 'माझे पती फार सोसतात, त्यांनी देशासाठी सर्वस्व दिलं.' वाचून डोळ्यांत पाणी येईल, पण रेटरला त्यातून काही भरता येत नाही. त्याऐवजी असं लिहा: 'सकाळी ते जिना बाजूने उतरतात, उजवा हात कठड्यावर, दोन्ही पाय एका पायरीवर टेकले की मगच पुढची. दुकानात अर्ध्या तासाने ट्रॉलीवर रेलून उभे राहतात. आम्ही वेगळ्या खोलीत झोपतो, कारण झोपेत त्यांचा हात मला लागला होता. मुलाच्या शाळेच्या कार्यक्रमाला ते शेवटच्या रांगेत दाराजवळ उभे असतात आणि मध्येच गाडीत जाऊन बसतात.' हे मी कल्पनेने लिहिलंय. तुमच्या घरात जे घडतं तेच लिहायचं, डोळ्यांनी पाहिलेलं. विशेषणं लागत नाहीत. निदान करू नका, 'यांना पीटीएसडी आहे' हे तुम्ही लिहिलंत तर त्याला किंमत नाही. 'फटाक्यांच्या रात्री बाथरूममध्ये दिवा न लावता बसतात' याला आहे.

एजंटाला वाटेला लावा. पहिल्या क्लेमची तयारी करून द्यायची फी घेणं कायद्याने कुणालाच, अगदी वकिलालाही, चालत नाही. आणि 'मंजुरीनंतर द्या' म्हणजे महिन्याला जी वाढ मिळेल तिच्या पाच-सहा पट रक्कम मागतात अशी उदाहरणं आहेत. २०२५ च्या दराने १० टक्क्यांना महिना १७५ डॉलर आणि ७० टक्क्यांना एकट्या माणसाला १,७५९ डॉलर मिळत होते, करमुक्त. यातला वाटा पढवण्याच्या बदल्यात कशाला द्यायचा? अमेरिकन लीजन, व्हीएफडब्ल्यू, डीएव्ही या माजी सैनिकांच्या संघटनांचे मान्यताप्राप्त प्रतिनिधी हेच काम फुकट करतात. टेक्सासमध्ये तर बहुतेक काउंटीत माजी सैनिकांच्या कामासाठी अधिकारी बसलेला असतो. त्याला भेटा, आणि दम्याचं त्याच भेटीत काढा. (आबा टक्क्यांची बेरीज करायला बसतील तर सांगून ठेवा, इथे ५० आणि ३० मिळून ८० होत नाहीत. पहिले ५० गेल्यावर उरलेल्या ५० चे ३० टक्के, म्हणजे १५. दोन्ही मिळून ६५, आणि जवळच्या दहात नेऊन ७०. आबांना हे पटणार नाही. कुणालाच पटत नाही.)

मित्राच्या पंधरा मिनिटांबद्दल: वेळ कमी लागली म्हणून तपासणी आपोआप चुकीची ठरत नाही. फाइल वाचून आलेला परीक्षक थोडक्यात आटपू शकतो. बघायचं ते फॉर्मवर काय उतरलं. मित्राने २०-१०२०६ फॉर्म भरून परीक्षकाचा अहवाल मागवावा. त्यात न विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं असतील, किंवा न मोजलेले अंश लिहिलेले असतील, तर ते धरून पुढे जाता येतं. निकालाच्या तारखेपासून वर्षभरात गेलं तर मूळ तारीख शाबूत राहते. नवा पुरावा जोडायचा असेल तर सप्लिमेंटल क्लेम. आहे त्याच फाइलवर चूक दाखवायची असेल तर वरिष्ठांकडून निकालाची फेरतपासणी, पण तिथे नवा कागद घेत नाहीत, हे लक्षात ठेवायला सांगा. तुमच्या घरी यातलं एकच करा: प्रत्येक तपासणी संपली की त्याच संध्याकाळी मिस्टरांनी किती वाजता सुरू झाली, काय विचारलं, कोनमापक काढला की नाही, हे लिहून काढायचं. काही खटकलं तर निकालाची वाट न बघता त्याच आठवड्यात २१-४१३८ वर लिहून टाका. निकाल लागण्याआधीची तक्रार एका पानात भागते. नंतर तिचं अपील होतं, आणि त्यात महिने जातात.

राहिला सातारा. तिथून व्हिडिओ नको. कॉल सुरू झाल्याबरोबर परीक्षक पहिला प्रश्न विचारतो तो, आत्ता तुम्ही कुठल्या पत्त्यावर आहात. काही बरंवाईट झालं तर मदत कुठे पाठवायची हे त्याला माहीत असावं लागतं, आणि त्याचा परवाना अमेरिकेतला असतो. खोटा पत्ता सांगायचा नाही, आणि खरा सांगितला तर तो कॉल तिथेच थांबवू शकतो. लग्नघरातल्या सनई-चौघड्यात पीटीएसडीची तपासणी द्यायची वेळ का आणायची, हा प्रश्न वेगळाच. तिकिटं काढली असतील तर आजच कंपनीला आणि व्हीएला दोघांनाही कळवा की अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत आम्ही देशाबाहेर आहोत, त्याआधीची किंवा नंतरची कुठलीही तारीख चालेल. फोनवर सांगा आणि लिहूनही द्या. जमलं तर मानसिक तपासणी निघण्यापूर्वीच उरका, ती व्हिडिओवर असल्याने तारीख लवकर मिळू शकते. गुडघा आणि कान परत आल्यावर. आणि सहा आठवड्यांचा इन्हेलरचा साठा इथूनच न्या, रिफिलच्या पावत्या दम्याच्या फाइलला लागतील.